स्ट्रोकनंतर घरी व्यायाम : ताकद आणि तोल परत मिळवायला सुरुवात कुठून करायची

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळताना हातात गोळ्यांची लिस्ट असते, एखाद्या कागदावर चार-पाच व्यायामांची चित्रं असतात आणि "फिजिओ चालू ठेवा" एवढं सांगितलेलं असतं, मग घरी आल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. किती करायचं, रोज करायचं का, पेशंट दमला की थांबायचं की अजून थोडं रेटायचं, आणि मधेच पडला तर काय. मी फिजिओ आहे, पेशंटच्या घरी जाऊन काम करते, आणि हे सगळे प्रश्न जवळपास प्रत्येक घरात त्याच क्रमाने येतात म्हणून एकदा सगळं सलग लिहून टाकतेय. हे वाचून तुमचा स्वतःचा फिजिओ बंद करायचा नाही हं. तुमच्या फिजिओने पेशंटला हात लावून तपासलंय, मी नाही. दोघांचं म्हणणं वेगळं पडलं तर त्यांचं ऐका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते, खालचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. वीक पायावर वजन पडलं पाहिजे. बस. स्ट्रोकमध्ये मेंदूकडून स्नायूंना जाणारा सिग्नल कमी होतो, त्यामुळे पाय वीक होतो हे तर आहेच, पण त्यानंतर जे होतं ते जास्त त्रासदायक, म्हणजे शरीर दोन-चार दिवसांतच सगळी कामं चांगल्या बाजूने उरकायला शिकतं आणि वीक पाय नुसता सोबतीला राहतो. मग न वापरल्यामुळे तो अजून वीक होतो. कधी नीट बघा पेशंट खुर्चीतून कसा उठतो ते. वीक पाऊल पुढे सरकलेलं असतं, चांगलं पाऊल खुर्चीखाली ओढून घेतलेलं, सगळं अंग चांगल्या बाजूला कललेलं आणि चांगल्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरलेला. असं दिवसातून वीस वेळा उठलं तरी घरच्यांना वाटतं व्यायाम झाला, आणि झालाही, पण चांगल्या पायाचा.

सुरू करण्याआधी

डॉक्टरांना सरळ विचारून घ्या की आता ताकदीचे व्यायाम चालतील का. बीपी कितीच्या वर असेल तर त्या दिवशी करायचं नाही तो आकडाच लिहून मागा. साधारणपणे बसल्या जागी १८०/११० च्या वर असेल तर व्यायाम करत नाहीत आणि डॉक्टरांना कळवतात, पण तुमच्या पेशंटचं लिमिट त्यापेक्षा कमी असू शकतं. हार्टचा त्रास, फिट येऊन गेलेली, इन्सुलिन चालू असणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, वीक बाजूच्या खांद्यात दुखणं, हे सगळं फिजिओला पहिल्याच दिवशी सांगून टाका, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

जितकं लवकर आणि जितकं जास्त तितकं चांगलं असं सरसकट नसतं. २०१५ साली अ‍ॅव्हर्ट नावाच्या मोठ्या ट्रायलचे रिझल्ट आले, ५ देशांतले २१०४ पेशंट होते त्यात, आणि स्ट्रोकनंतर पहिल्या २४ तासांतच सुरू करून वारंवार, जास्त प्रमाणात उठवलेल्या पेशंटचा ३ महिन्यांनंतरचा रिझल्ट नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपेक्षा कमीच निघाला. म्हणून हॉस्पिटलमधले पहिले दिवस तिथल्या टीमवर सोडा. घरी आल्यावर मात्र उलटं असतं, तिथे बहुतेक पेशंट गरजेपेक्षा खूपच कमी करतात.

आणि "सहा महिने झाले, आता जे व्हायचं ते झालं" हे कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. सुरुवातीच्या काही महिन्यांत सुधारणा भराभर होते हे खरं, पण वर्ष उलटून गेलेल्या पेशंटची सुद्धा ताकद आणि चालणं व्यायामाने सुधारतं. वेग कमी असतो एवढंच.

जागा आणि माणूस

दोन्ही बाजूंना हात असलेली, न हलणारी खुर्ची घ्या, चाकांची नको, प्लास्टिकची हलकी तर अजिबातच नको. ती भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. पायात टाच बंद असलेले, न घसरणारे बूट, नुसते मोजे घालून फरशीवर उभं करू नका. पायपुसणी, वायर, छोटी टेबलं बाजूला करा. चष्मा असेल तर डोळ्यावर हवा, तोलासाठी डोळे फार लागतात. वेळ अशी निवडा की पेशंट फ्रेश असेल, जेवण झाल्याझाल्या नको आणि दिवसभराचं थकून झाल्यावर तर नकोच.

मदत करणाऱ्याने वीक बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. पेशंटच्या कमरेला रुंद मजबूत पट्टा बांधला तर धरायला बरं पडतं. वीक हात धरून कधीही ओढायचं नाही आणि काखेत हात घालून उचलायचं नाही. हे मी अगदी ठळक सांगते कारण प्रेमाने सगळे हेच करतात. स्ट्रोकनंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा थोडा खाली उतरलेला असू शकतो, आणि एका झटक्यात जे दुखणं सुरू होतं ते पुढे महिनोन्महिने जात नाही, मग पेशंट हाताला हात लावू देत नाही आणि व्यायामच बंद पडतो.

आधी मोजा

एक वही करा. पहिल्या दिवशी ३० सेकंदात खुर्चीतून पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा होतं ते लिहा, हात टेकावा लागला का ते पण लिहा. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी आधाराशिवाय बेडच्या कडेला किती वेळ बसता येतं ते लिहा. घरात दोन सारखे वजनकाटे जमले तर अजून भारी, ओट्यासमोर शेजारी शेजारी ठेवा, एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून पेशंटला "सरळ" उभं राहायला सांगा, पट्टा धरून तुम्ही बाजूला. पेशंटला वाटत असतं मी मधोमध उभा आहे आणि काटे काहीतरी वेगळंच दाखवत असतात, ६० किलोचा माणूस असेल तर चांगल्या पायाखाली ४२ आणि वीक पायाखाली १८ असं काहीसं. ते दोन आकडे स्वतः बघितले की पुढचं लेक्चर द्यावं लागत नाही.

फाइलमध्ये बर्ग स्कोअर लिहिलेला असेल तर तो तोलाचा आहे. १४ गोष्टी करून घेतात, प्रत्येकीला ० ते ४ मार्क, एकूण ५६. दर दोन-तीन महिन्यांनी तो परत काढून मागा.

किती जोर लावायचा

नाडी मोजत बसू नका, कारण बऱ्याच पेशंटना बीपी किंवा हार्टसाठी बीटा ब्लॉकर चालू असतात, त्या गोळ्यांनी नाडी हवी तेवढी वाढत नाही. त्यापेक्षा ० ते १० मध्ये विचारा, ० म्हणजे आरामात बसलोय, १० म्हणजे आता जीव जाईल. आपल्याला ४ ते ६ हवंय. बोलता यायला पाहिजे, पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम. पेशंटला बोलायला त्रास असेल तर बोटं दाखवू दे किंवा चेहऱ्यांची चित्रं काढून ठेवा.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१४ च्या शिफारशी साधारण अशा आहेत : ताकदीचे ८ ते १० व्यायाम, प्रत्येकाचे १० ते १५ वेळा, १ ते ३ सेट, आठवड्यातून २-३ दिवस, तोलाचं काम पण आठवड्यातून २-३ दिवस, आणि चालणं-सायकल असलं दम लागणारं काम आठवड्यातून ३ ते ५ दिवस. हे शेवटी गाठायचं ठिकाण आहे, पहिल्या आठवड्यात नाही. पहिल्या आठवड्यात चार व्यायाम पुरे, पण शेवटचे दोन-तीन वेळा करताना खरंच जड गेले पाहिजेत. पंधरा वेळा करून पेशंट टीव्ही बघत गप्पा मारत असेल तर तो व्यायाम सोपा झालाय, वरच्या लेव्हलला जा.

श्वास रोखायचा नाही. जोर लावताना श्वास रोखला की बीपी झटकन वर जातं. सोपा उपाय म्हणजे मोठ्याने आकडे मोजायला लावायचे, मोजणारा माणूस श्वास रोखू शकत नाही.

पायरी १ : बेडवर

जो अजून नीट बसू शकत नाही त्याने इथून सुरू करायचं, जो उभा राहतो त्याने फक्त पहिला व्यायाम ठेवला तरी चालेल.

पाठीवर झोपून दोन्ही गुडघे दुमडायचे, पावलं बेडवर सपाट. वीक पाऊल घसरत असेल तर मदतनीसाने ते धरून ठेवायचं. आता कुल्ले वर उचलायचे, ३ ते ५ मोजायचं, सावकाश खाली. कुल्ले वाकडे उचलले जातात का बघा, वीक बाजू खाली लोंबकळत असेल तर तिथे हात लावून "इथून उचला" सांगा. हे सोपं वाटायला लागलं की चांगलं पाऊल थोडं पुढे सरकवा, म्हणजे उचलायचं काम आपोआप वीक पायावर येतं. ही युक्ती पुढे प्रत्येक पायरीवर परत येणार आहे.

दुसरं, वीक पायाची टाच बेडवर घासत गुडघा दुमडायचा आणि सरळ करायचा. तिसरं, दुमडलेला गुडघा बाहेर पडू न देता मधोमध धरून ठेवायचा. आणि कूस बदलणं, दोन्ही बाजूंना, स्वतःहून. कूस बदलणं व्यायामात कोणी धरत नाही पण धड मजबूत व्हायला तिथूनच सुरुवात होते.

पायरी २ : बसून

बेडच्या कडेला किंवा खुर्चीत पुढे सरकून, पाठ टेकवायची नाही, दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली. सुरुवातीला नुसतं बसायचं. मग चांगल्या हाताने वस्तू उचलायची, आधी समोरची, मग हात लांब करावा लागेल अशी, मग वीक बाजूला ठेवलेली. वीक बाजूला झुकून परत सरळ येणं, हाच खरा व्यायाम. काही पेशंटचं वीक बाजूकडे लक्षच जात नाही, त्या बाजूची वस्तू, दरवाजा, माणूस दिसतच नाही जणू, त्यांच्याशी मुद्दाम त्या बाजूने बोला आणि वस्तू पण तिकडेच ठेवा.

मग गुडघा सरळ करून पाय उचलून धरणं, आणि टाच जमिनीवर ठेवून चवडा वर उचलणं. चवडा उचलला जात नसेल तरी प्रयत्न चालू ठेवा, दोन्ही पायांनी एकदम करून बघा. चालताना पाय घासतो, अडखळतो तो यामुळेच.

एक वेगळा प्रकार सांगून ठेवते. थोडे पेशंट असे असतात की ते चांगल्या हाताने आणि पायाने स्वतःला वीक बाजूकडे ढकलत राहतात, आणि सरळ केलं की घाबरतात, कारण त्यांच्या मेंदूला वाकडं हेच सरळ वाटतं. त्यांच्याशी ढकलाढकली करू नका, तुम्ही जितकं ढकलाल तितकं ते उलटं ढकलतील. समोर दरवाजाची चौकट दाखवा, "तिच्यासारखे उभे व्हा" म्हणा, चांगल्या बाजूला ठेवलेल्या वस्तूकडे हात न्यायला सांगा. असा पेशंट असेल तर पुढच्या पायऱ्या फिजिओ समोर असतानाच करा.

पायरी ३ : खुर्चीतून उठणं-बसणं

सगळं लिहिणं सोडून फक्त एकच व्यायाम सांग म्हणाल तर मी हा सांगेन. मांडी, कुल्ला, पोटरी सगळं यात येतं, तोल येतो, आणि संडासला जाण्यापासून गाडीत बसण्यापर्यंत रोज लागतो.

आधी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकायचं. पावलं साधारण खांद्याइतकी लांब, टाचा गुडघ्याच्या थोड्या मागे. आणि आता वीक पाऊल बघा, ते चांगल्या पावलाच्या बरोबरीने किंवा किंचित मागे असलं पाहिजे. पुढे राहिलं असेल तर हाताने मागे घ्या, मदतनीसाने घेऊन दिलं तरी चालेल. हे पाऊल प्रत्येक वेळी तपासायचं, दर वेळी ते चोरून पुढे येतं.

दोन्ही हात समोर एकमेकांत धरायचे, चांगल्या हाताने वीक हात. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं पाहिजे इतकं. इथेच सगळे घाबरतात, पडू असं वाटतं, आणि न वाकता तसंच वर उठायला बघतात, मग धपकन मागे बसतात. पुढे वाकल्याशिवाय वजन पायावर येतच नाही. मदतनीसाने समोरून थोडं वीक बाजूला बसून एक हात वीक गुडघ्याच्या पुढे ठेवायचा, गुडघा दुमडून कोसळू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने पट्टा धरायचा. ओढायचं नाही, फक्त दिशा द्यायची.

पूर्ण सरळ उभं राहा, कुल्ले आत, नजर समोर. दोन श्वास घ्या. आणि मग सावकाश खाली, चार मोजत. खाली बसण्याकडे दुर्लक्ष करू नका, धपकन बसणं म्हणजे अर्धा व्यायाम वाया.

जमत नसेल तर खुर्चीवर जाड गादी टाकून उंची वाढवा, उंच खुर्चीतून उठणं सोपं असतं. चांगल्या हाताने खुर्चीचा हात दाबून उठलं तरी सुरुवातीला चालेल, पण समोरचा वॉकर ओढून उठायचं नाही, तो अंगावर येतो. जमायला लागलं की एकेक गोष्ट बदला, सगळ्या एकदम नको. आधी हाताचा आधार काढा. मग गादी काढा. मग चांगला पाय चार बोटं पुढे सरकवा. मग चांगल्या पायाखाली पातळ पाट किंवा जाड वही ठेवा. शेवटी अर्ध्यात थांबून तीन मोजून मग वर जा. या प्रत्येक लेव्हलला एक-दोन आठवडे सहज लागतात, घाई नको. सुरुवात ५ वेळा करून, मधे बसून, परत ५. हळूहळू १० चे दोन-तीन सेट.

पायरी ४ : ओट्याला धरून उभं राहून

स्वयंपाकघरातला ओटा यासाठी मस्त, हलत नाही, उंची बरोबर असते. मागे खुर्ची ठेवा म्हणजे पाय गळाले तर बसता येईल.

पहिलं काम वजन इकडून तिकडे करणं. कंबर वीक बाजूला सरकवा, खांदे नाही, कंबर. बरेच जण नुसते खांदे कलवतात आणि वाटतं वजन गेलं. वजनकाटे असतील तर इथे परत काढा, वीक पायाखालचा आकडा वाढवायचा खेळच करा. मग टाचा उचलून चवड्यावर उभं राहणं, मग थोडेसेच गुडघे वाकवून परत सरळ, मग पाय बाजूला उचलणं. पाय बाजूला उचलताना चांगला पाय उचलायचा दिवस पण ठेवा, कारण चांगला पाय हवेत म्हणजे सगळं शरीर वीक पायावर. त्याचीच पुढची पायरी म्हणजे समोर छोटा स्टूल किंवा एक पायरी ठेवून चांगल्या पायाने त्यावर नुसता टेकवून परत खाली, टेक, खाली. आणि ताकद आली की वीक पाय वर ठेवून त्यावर जोर देऊन चढणं.

उभं असताना वीक गुडघ्याकडे बाजूने बघा. तो मागच्या बाजूला जाऊन लॉक होत असेल, म्हणजे पाय उलटा वाकल्यासारखा दिसत असेल, तर गुडघा किंचित दुमडलेला ठेवायला सांगा आणि फिजिओला दाखवा, तसंच चालत राहिलं तर गुडघा दुखायला लागतो.

पायरी ५ : तोल

तोलाचं गणित असं की थोडं डगमगलंच पाहिजे. अजिबात डगमगत नसेल तर मेंदूला शिकायला काही नाही, आणि धरधर धरावं लागत असेल तर फार अवघड आहे. घराच्या कोपऱ्यात पेशंटला उभं करा, मागे दोन्ही बाजूंना भिंत, समोर खुर्चीची पाठ, बाजूला तुम्ही.

क्रम असा : पाय लांब ठेवून उभं राहणं, मग पाय जुळवून, मग एक पाऊल अर्ध्याने पुढे, मग एकापुढे एक एका रेषेत, आणि शेवटी एका पायावर. एका प्रकारात ३० सेकंद न धरता जमलं की पुढचा. आधी पूर्ण हात टेकवून, मग दोन बोटं, मग एक बोट, मग हात खुर्चीच्या वर हवेत. अर्धं पाऊल पुढे ठेवताना वीक पाय मागे ठेवून पण करा, पुढे ठेवून पण.

नुसतं उभं राहणं जमलं की मान डावी-उजवी फिरवणं, हात लांब करून वस्तू घेणं, उभ्या जागी वळणं. बरीच माणसं वळतानाच पडतात, सरळ चालताना नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना छोटी छोटी पावलं टाकत वळायची प्रॅक्टिस वेगळी करा. मग उभं असताना गप्पा मारा, शंभरातून तीन तीन वजा करायला सांगा, बोलताना तोल जात असेल तर घरात फिरताना तेव्हाच जाणार आहे. डोळे मिटून उभं राहणं हे सगळ्यात शेवटी आणि पट्टा धरूनच.

ज्यांचा स्ट्रोक लहान मेंदूत झालाय त्यांची ताकद बरी असते पण हालचाल लडखडत, नेम चुकत होते, त्यांच्यासाठी ही पायरी मुख्य आणि तिला वेळ पण जास्त लागतो.

चालणं आणि जिने

काठी चांगल्या हातात धरायची. वीक बाजूला नाही. उंची मनगटाच्या रेषेइतकी, हात सरळ खाली सोडून मोजायची. क्रम काठी, वीक पाय, चांगला पाय. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि वीक पाय, आणि मदतनीस नेहमी पेशंटच्या खालच्या पायरीवर. चवडा लोंबत असेल तर घोट्याला स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार मिळतो, तो घालून चालणं म्हणजे हार मानणं असं काही नाही, स्प्लिंटने चालणं वाढत असेल तर बिनधास्त वापरा.

चालायचा वेळ तुकड्यांत मोडा. पाच मिनिटांचे तीन तुकडे म्हणजे पंधरा मिनिटंच झाली. हळूहळू एकूण २० मिनिटं आणि त्याच्या वर नेता येतं. ज्यांना चालणं कठीण आहे त्यांनी बसून पॅडल मारायची सायकल वापरली तरी दमाचं काम होतं.

हाताबद्दल थोडंसं

चेंडू दाबणं. प्रत्येक घरात तो एक रबरी चेंडू असतोच. बोटं आधीच आवळलेली असतील तर दाबायची ताकद नाही, हात उघडायची ताकद कमी पडतेय, मग दिवसभर चेंडू दाबून काय होणार. त्यापेक्षा बसून वीक तळहात बाजूला बेडवर उघडा टेकवून त्यावर हलका भार देणं, टेबलावर कापड ठेवून हात पुढे-मागे सरकवणं, ग्लास धरून सोडणं, सोडण्यावर भर देऊन. खांद्याच्या वर हात ओढून नेणं घरी करू नका, कप्पीला दोरी लावून तर नाहीच.

आणि हो, ताकदीच्या व्यायामाने कडकपणा वाढतो असं पूर्वी सांगायचे, आजही काही जण सांगतात. नंतरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. जोर लावताना हात आपोआप आवळला जातो, पण थांबल्यावर सैल होतो. तासभर आवळलेलाच राहिला किंवा दिवसेंदिवस वाढत गेला तर डॉक्टरांना दाखवा, त्याला औषधं आहेत.

आठवडा कसा लावायचा

एक दिवस आड ताकद (पायरी तुमच्या लेव्हलची, त्यात उठणं-बसणं हवंच), तोलाचं काम रोज दहा मिनिटं, चालणं बहुतेक दिवस. ताकदीच्या दिवशी आधी तोल करा, पाय थकल्यावर तोलाचं काम करणं धोक्याचं. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे दुखणं ठीक, सांधा दुखणं ठीक नाही. दर महिन्याला वहीत ३० सेकंदाची टेस्ट परत.

स्ट्रोकनंतरचा थकवा वेगळाच असतो, झोप झाली तरी जात नाही, त्याला आळस म्हणू नका. त्या दिवशी अर्धंच करा पण शून्य नको. पण पेशंट आठवडेच्या आठवडे कशातच मन लावत नसेल, सारखा रडत असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं, स्ट्रोकनंतर ते खूप जणांना होतं आणि उपचार होतात, डॉक्टरांना सांगा.

कधी थांबायचं

छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, नेहमीपेक्षा खूप धाप, की लगेच बसवा आणि डॉक्टरांना फोन, छातीतलं दुखणं बसल्यावरही राहिलं तर थेट हॉस्पिटल. एकाच पोटरीला सूज, लाली, दुखणं असेल तर चोळायचं नाही, व्यायाम नाही, त्याच दिवशी दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील आणि घाम, थरथर, गोंधळ दिसला तर शुगर तपासा, ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर गोड द्या. ज्यांना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो त्यांना आधी ठरवून दिलेलंच द्या. आणि तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर थोडा वेळ बघू असं नाही, ताबडतोब हॉस्पिटल, आणि किती वाजता सुरू झालं ते लिहून घ्या, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्या वेळेवर ठरतं.

पडलं तर

पडणं बऱ्याच जणांचं होतं, त्यामुळे उठायचं कसं हे आधीच फिजिओसोबत शिकून ठेवा. पडल्या पडल्या उचलायला धावू नका. दोन मिनिटं तसंच राहू द्या, कुठे दुखतंय विचारा. कुल्ल्यात जोरात दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवायचं नाही, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, वीक बाजूची हाडं पण ठिसूळ झालेली असतात. काही नसेल तर चांगल्या कुशीवर वळवा, चांगल्या हातावर जोर देऊन गुडघ्यांवर आणा, समोर भक्कम खुर्ची ठेवा, चांगला हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे घेऊन पाऊल टेकवायचं आणि त्यावर जोर देऊन उठायचं, दुसरी खुर्ची मागून लगेच कुल्ल्याखाली सरकवायची. इथे चांगल्या पायावरच जोर द्यायचा, व्यायाम नंतर. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पेशंट कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी हॉस्पिटलला न्यायचं, गोळ्यांची लिस्ट सोबत घेऊन.